शेवटचा स्क्रू मालकाचा

ताईंच्या कामाच्या खोलीत भर दुपारी तारे दिसतात. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्या तारांगणासाठी आकाश बनवतात. घुमटाखाली मागे रेलून बसलं की लोकांना वर जे दिसतं, ते आधी ताईंच्या कॉम्प्युटरवर तयार होतं. एकेक तारा, त्याचा रंग, त्याचं लुकलुकणं, आणि मग सगळ्यांचं मिळून ते संथ सरकणं. खिडक्यांना जाड काळे पडदे, दार बंद, आणि अंधारात या बाई एकट्या. मी शिवणकाम करणारी, लोकांचे कपडे अल्टर करून देते, मला लख्ख उजेड लागतो. त्या खोलीत शिरलं की आधी मला काहीच दिसत नाही, आणि दिसायला लागलं की झोप येते. लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर लागायची तशी झोप.

त्या दुपारीही मी चहाचा रिकामा ट्रे मांडीवर घेऊन पेंगत होते. स्क्रीनवर एक निळसर तेजोमेघ उलगडत होता. त्याचा उजेड ताईंच्या चष्म्यावर, कपाळावर, पांढऱ्या बटांवर पडला होता. कॉम्प्युटरचे पंखे एका सुरात चालले होते. मी जागी आहे की स्वप्नात, हे माझं मलाच नक्की सांगता आलं नसतं. आणि अचानक आकाश गेलं. सगळं काळं झालं, पंखे थांबले, आणि क्षणभराने कॉम्प्युटर आपणहून परत सुरू झाला, जसं काही झालंच नव्हतं.

"पुन्हा," ताई म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती. मग अंधारातच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भुंग्याला सांगू नकोस हं."

भुंग्या म्हणजे माझा नवरा. कामाला बसला की नाकातून घुं-घुं असं काहीतरी गात राहायचा, म्हणून बहिणीने लहानपणीच हे नाव पाडलं. तो लोकांना हवे तसे कॉम्प्युटर जोडून द्यायचा. दुकानातून आणलेला तयार डबा नाही. माणूस काय काम करतो, किती तास बसतो, त्याला आवाज चालतो की नाही, हे सगळं विचारून एकेक भाग निवडायचा आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडायचा. त्या दिवसांत आम्ही जमिनीवर जेवायचो. ताईंचा कॉम्प्युटर त्याने जोडलेला शेवटचा. त्यानंतर त्याच्या हातांना कंप सुटला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कंप थोडा कमी झाला, गेला मात्र नाही. आता तो फोनवरून लोकांच्या अडचणी सोडवतो. टेबल मोकळं असतं, आम्ही खुर्च्यांवर बसून जेवतो, आणि घरात घुं-घुं ऐकू येत नाही.

ताईंनी बजावलं खरं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांनाही ठाऊक असायला हवं होतं. घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं.

त्याने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या हातचंच आहे ना ते."

"अरे, यंत्र आहे. माणसं बिघडतात, यंत्राचं काय घेऊन बसलास?"

"तसं नाही. ते जोडताना हात बरे होते, असं मी धरून चाललो होतो." त्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. उजव्या हाताची बोटं लाकडावर हलकी थरथरत होती. "तेव्हाच गेलेले असतील, तर मग त्याआधीची मशीन्स? लोक त्यांच्यावर कामं करतायत. मला कळायला हवं."

मला हे ऐकवेना. चूक दुसऱ्या कशाचीही निघो, असं मला मनापासून वाटलं. वायरची, विजेची, उंदराची, माझीसुद्धा चालली असती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही दोघंही ताईंकडे गेलो. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण धाकट्या भावाला दारातून परत कोण पाठवतं? त्याने खुर्ची ओढली आणि लॉग उघडला. कॉम्प्युटर स्वतःच्या तब्येतीची नोंद आतल्या आत ठेवत असतो. काय झालं, कुठे झालं, कितीला झालं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याने ओळींवर बोट ठेवून वाचून दाखवलं. चूक झाली, दुरुस्त केली. चूक झाली, दुरुस्त केली. खाली खाली सरकत गेलं तरी तेच. मध्येच कुठेतरी एक लाल ओळ, चूक झाली, दुरुस्त होऊ शकली नाही. त्या लाल ओळीला आकाश गेलेलं असायचं.

"म्हणजे हा बिचारा दिवसभर ठेचकाळतो, सावरतो, आणि कुणाला सांगत नाही?" मी म्हटलं. "आपल्याच घराण्यातला शोभतो."

ताई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

मग सुरू झाली तपासणी, आणि ती दुपारमागून दुपार चालली. त्याचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कुणाचा ते कळत नाही. आधी मेमरीची चाचणी लावली. ती पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघं अंधारात बसून होतो आणि ताई एका ताऱ्याची गोष्ट सांगत होत्या. तो इतका दूर आहे म्हणे, की त्याचा आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा आपल्यापैकी कुणाचा पत्ताच नव्हता. ऐकता ऐकता माझा डोळा लागला. जागी झाले तर स्क्रीनवर मेमरी ठीक असल्याचं लिहून आलं होतं. मग भिंतीतला प्लग बदलला. मग तापमानावर नजर ठेवली. मग सेटिंग्ज. प्रत्येक वेळी आकाश आपलं सरकायचं, सरकायचं, आणि लॉगमध्ये त्या शहाण्या ओळी गुपचूप जमा व्हायच्या.

एक गोष्ट मात्र होत नव्हती. डबा उघडला जात नव्हता. त्याच्या एका बाजूला काच आहे, ती नुसत्या चुंबकावर बसते, दोन बोटांनी ओढली की हातात येते. पण भावाचा हात तिकडे वळला की ताईंचा आवाज यायचा.

"उघडायचं नाही. नवा कार्यक्रम होऊ दे आधी."

"ताई, आत बघितल्याशिवाय..."

"म्हटलं ना, नको."

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसला. भर वर्गात गुरुजींनी उठवलेल्या मुलासारखा. माझ्या जिवाचं पाणी झालं. सख्ख्या बहिणीचाच या हातांवर विश्वास नाही, असं त्याला वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. घरी येताना मी ताईंच्या नावाने खडे फोडले. तो म्हणाला, "तिचं चुकतंय कुठे? तिच्या जागी मी असतो तर मीही उघडू दिलं नसतं." यावर मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे किती वाईट वाटलं असेल ते समजा.

इथे आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. मी त्यांना पाहिलं नाही, फक्त ऐकलंय. त्यांचा एक रिवाज होता. दुरुस्ती पूर्ण झाली की शेवटचा एक स्क्रू ते लावत नसत. तो मालकाच्या तळहातावर ठेवायचे, स्क्रूड्रायव्हर द्यायचे, आणि पाठ फिरवून हात धुवायला जायचे. शेवटचा स्क्रू मालकाचा. तो त्याने कसला की काम पूर्ण, आणि वस्तू त्याची. मालकाने कसा कसलाय हे वळून तपासणं म्हणजे त्याचा अपमान. माझ्या नवऱ्यानेही हाच रिवाज पाळला. त्याच्याकडून कॉम्प्युटर नेलेल्या प्रत्येकाने शेवटचा स्क्रू स्वतःच्या हाताने लावलाय, आणि त्या वेळी हा आमच्या मोरीत पाठमोरा उभा राहून साबण लावत असायचा. मी त्याला कितीदा चिडवलं असेल, की अरे, हात तरी किती धुशील.

तर पुढची दुपार. तो ताईंच्या शेजारी बसून लॉग वाचत होता आणि मी चहा घेऊन आत आले. ट्रे दोन्ही हातांत, त्यामुळे दार मी कमरेने ढकलते. खोलीला रंग दिल्यापासून ते दार जरा अडकतं, एक जोराचा धक्का द्यावा लागतो, मग ते आतल्या भिंतीवर धाडकन आपटतं. मी आले, दार आपटलं, आणि तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "परत जा."

"काय?"

"बाहेर जा, आणि अशीच ये."

मी ट्रे ठेवला, बाहेर गेले आणि कमरेने दार ढकलून आत आले. लॉगमध्ये नवी ओळ उमटली. चूक झाली, दुरुस्त केली. पुन्हा गेले, पुन्हा आले. पुन्हा ओळ.

"म्हणजे इतके दिवस माझ्या कमरेची नोंद होत होती?" मी म्हटलं. "दुष्ट मेला."

तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांत खूप दिवसांनी काहीतरी जागं झालं. रंगकामाच्या वेळी कॉम्प्युटरचं टेबल सरकवून दाराच्या भिंतीला लावलं होतं, आणि तेव्हापासूनच आकाश जायला लागलं होतं. कॉम्प्युटर थंड असताना दार कितीही आपटलं तरी काही होत नव्हतं. ताईंचं आकाश बराच वेळ चालून आतलं सगळं तापलं की मग धक्क्याने, कधी धक्क्याशिवायही, होत होतं. आणि प्रत्येक ओळीत एकाच जागेचा पत्ता होता. चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसतं, ती जागा. आतला सगळ्यात जड भाग तोच.

"कार्ड सैल आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. "मी सैल सोडलंय."

तो उठला. ताईही उठल्या आणि कॉम्प्युटरच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. स्क्रीनवरचे तारे त्यांच्या पाठीमागे सरकत होते, काही त्यांच्या खांद्यावरून उगवल्यासारखे दिसत होते.

"ताई, बाजूला हो. हात थरथरतात म्हणून उघडू देत नाहीस ना? ही करेल. मी नुसतं सांगेन, हात लावणार नाही."

ताईंचा चेहरा इतका उतरला की माझा सगळा राग विरघळला. "वेड्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या हातांसाठी नाही रे."

त्यांनी टेबलावरची चष्म्याची डबी उघडली. काच पुसायच्या मऊ फडक्याची घडी सोडवली. आत एक काळा, गव्हाच्या दाण्याएवढा स्क्रू होता.

त्याने टॉर्च घेतला आणि डब्याच्या मागच्या बाजूला उजेड टाकला. कार्ड दोन स्क्रूंनी बसतं. काचेला स्क्रू नाहीच, म्हणून ताईंसाठी त्याने या दोनातला दुसरा शेवटचा ठरवला होता. पहिला घट्ट बसलेला होता. दुसरं भोक रिकामं. कार्ड त्या अंगाने खाली कललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही भिंतीतले प्लग बदलत बसलो होतो.

"तू लावलाच नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मी हात धुवायला गेलो तेव्हा..."

"तेव्हा मूठ मिटली आणि तुला म्हटलं, झालं." ताई खाली बसल्या. "त्या आधीचा स्क्रू तू लावत होतास ना, तेव्हा तुझ्या डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. घट्ट. तू घुं-घुं करत होतास, तुझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं. आपल्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं, तू लहान होतास." त्यांनी स्क्रू फडक्यावरच बोटाने इकडून तिकडे लोटला. "मला दिसलं, की हे तुझं शेवटचं. मी हा लावला असता की ते पूर्ण झालं असतं. आणि पूर्ण झालं की संपलं. म्हटलं, राहू दे बाकी. बाकी आहे तोवर भुंग्याचं काम चालू आहे. एवढ्याशा स्क्रूने काय बिघडणार, मला काय कळतं? आणि अलीकडे कळायला लागलं, तेव्हा सांगायचं तोंड राहिलं नाही."

मी पदर लावला डोळ्यांना. मला लपवता येत नाही आणि मी लपवतही नाही.

त्याने ते फडकं आपल्याकडे ओढलं. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. "म्हणजे तेव्हा कंप होता," तो म्हणाला. "जोडतानाच होता."

"होता."

"मग बाकीचे स्क्रू बघायला हवेत." तो माझ्याकडे वळला. "बंद कर, प्लग काढ, काच उतरव. आधी हात डब्याच्या लोखंडाला लाव, अंगातली वीज उतरू दे. आता प्रत्येक स्क्रूवर ड्रायव्हर ठेव आणि हलतो का बघ. कसायचा नाही, नुसता बघायचा."

पडदे जरासे सारले तशी उन्हाची एक पट्टी आत आली आणि डब्याचं पोट उजळलं. मी आजवर आत कधी बघितलं नव्हतं. वायरी अशा बांधल्या होत्या की माझ्या शिवणीलाही लाज वाटावी. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. मी एकेका स्क्रूवर ड्रायव्हर टेकवत गेले. तो प्रत्येक वेळी विचारायचा, "हलतो?" आणि मी म्हणायचे, "नाही." पंख्यांचे, बोर्डाचे, कोपऱ्यातले, मागचे. "हलतो?" "नाही." शेवटी कार्डाचा तो पहिला स्क्रू राहिला, ताईंच्या देखत मनगट धरून लावलेला. मी जरा जास्तच जोर दिला.

"हलतो?"

"नाही रे. तसूभरही नाही."

त्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. ते थरथरतच होते. "थरथरत असताना लावलेत," तो म्हणाला, आणि मग परत, अगदी हळू, "सगळे थरथरत असताना लावलेत." इतकं सुख मी त्याच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग त्याने ताईंच्या तळहातावर तो स्क्रू ठेवला. ताईंनी हात मागे घेतला.

"माझ्याने नाही होणार. तू लाव. नाहीतर हिला लावू दे."

"शेवटचा स्क्रू मालकाचा. बाबांचा रिवाज मोडतेस?"

"आणि मग संपलं की रे ते."

"आधी कस तर," तो म्हणाला आणि मला खूण केली. मी कार्ड खाचेत दाबलं, टक् असा आवाज आला. मग दोन बोटांनी ते खालून उचलून धरलं. तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोरी त्या खोलीत नव्हती, तेव्हा तो नुसतेच हात चोळत होता. ताईंनी स्क्रू भोकाशी नेला. तो दोनदा निसटला, कारण आता त्यांचा हात कापत होता. तिसऱ्यांदा बसला. त्या फिरवत राहिल्या, बसला तरी फिरवत राहिल्या.

"पुरे, ताई," मी म्हटलं, "शिवण घट्ट झाली की कापड फाटतं."

प्लग लागला, पडदे मिटले. आकाश परत आलं आणि सरकायला लागलं. आम्ही ते तापू दिलं. मी बाहेर जाऊन कमरेने दार असं आपटलं की रंगाचा पोपडा पडला. लॉग कोराच राहिला. मी परत आपटलं, नुसतंच, बरं वाटलं म्हणून. कोरा. मग आम्ही तिघं त्या निळ्या अंधारात बसलो. तेजोमेघ पूर्ण उलगडला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत, आणि त्याच्या मागे आणखी तारे निघाले, मला माहीत नसलेले. ताई हळूच डोळे पुसत होत्या. झाली पूर्ण वस्तू, असं त्यांच्या मनात असणार.

माझे डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात माझ्या हातावर कुणाचा तरी हात आला. थरथरता. त्याने माझी बोटं एकेक करून चाचपली, सुईने खरबरीत झालेली टोकं, नखं, अंगठा.

"किती स्थिर आहेत गं," तो म्हणाला.

"उगाच नाही लोक काजाला माझ्याकडे येत."

आणि दोनच दिवसांत आमचं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर खोके आले, वायरी आल्या, आणि एका म्हाताऱ्या वादकाचा फोन आला, की माझं मशीन बिनआवाजाचं हवं. आता आम्ही जमिनीवर जेवतो. ताई दुपारी अंधारातून उठून आमच्याकडे उजेडात येऊन बसतात आणि टीका करतात. आज मी पहिला स्क्रू लावायला घेतला.

"उलटा फिरवतेयस," नवरा म्हणाला.

"दिसतंय मला."

"अगं, तो लांबट वेगळा, हा आखूड..."

"तू गप बस," मी म्हटलं. "तू फक्त घुं-घुं कर."